बाईंनी सुधारलेला शब्द

डोंगराच्या पाठीमागच्या त्या शाळेत इंग्रजी शिकवायला एकच बाई होत्या, त्याही गेली सव्वीस वर्षं. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना प्रशिक्षणाचा आदेश आला. दर शनिवारी, सहा आठवडे, खालच्या गावातल्या शाळेत. या वयात मला पुन्हा बाकावर बसवणार का, असं कुरकुरत बाई तासभर उतरण उतरून, पुढे बस पकडून तिथे पोचल्या.

खोलीत सतरा शिक्षक लहान मुलांच्या बाकांवर गुडघे अडकवून बसले होते. प्रशिक्षण देणारी आत आली आणि बाईंनी तिला क्षणात ओळखलं. सुताराची धाकटी. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखालून शिकून गेलेली. तिनेही बाईंना पाहिलं, जवळ येऊन हळूच म्हणाली, "पहिल्या बाकावर बसा ना, मला धीर येईल." बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तिसऱ्या शनिवारी तिने काम दिलं: आपला एक तास फोनवर रेकॉर्ड करायचा आणि घरी एकट्याने ऐकायचा. बाईंनी गुरुवारी दुपारी ऐकला. शेजारी नवरा शिवणयंत्रावर बसला होता. बायको स्वतःचंच बोलणं ऐकतेय म्हटल्यावर तो म्हणाला, तीस वर्षं मी ऐकतोय, मला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

बाई हसल्या, पण थोड्याच वेळात त्यांचं हसू मावळलं. चाळीस मिनिटांत त्या एकट्याच बोलत होत्या. मुलं फक्त त्यांच्या मागून म्हणत होती. धडा बेटाचा होता. 'इस्लंड,' बाई म्हणत. 'इस्लंड,' अख्खा वर्ग म्हणे. मुलांना बेटाचा अर्थ नीट सांगता यावा म्हणून त्यांनी फोनमधल्या शब्दकोशात तो शब्द काढला. चुकून बोट लागलं आणि शब्दकोश बोलला: 'आयलंड.' त्यांनी पुन्हा दाबलं. चार वेळा दाबलं.

नवऱ्याने यंत्र थांबवलं. "फोन बिघडलाय का?"

"फोन ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

सव्वीस वर्षांत किती मुलं त्यांच्या हाताखालून गेली, याचा त्या दोन दिवस हिशेब करत राहिल्या. सहाशेच्या वर. त्यातली एक तर समोरच उभी राहून शिकवत होती.

शनिवारी चहाच्या सुट्टीत त्यांनी तिला व्हरांड्यातल्या नळापाशी गाठलं. ती कप विसळत होती.

"इस्लंड म्हणालीस म्हणून कुणी हसलं का गं तुला?"

 कप विसळता विसळताच ती म्हणाली, "कॉलेजात. पहिल्याच आठवड्यात, सगळा वर्ग."

"मग?"

"महिनाभर तोंड उघडलं नाही. परत येऊन तुमच्याशी भांडावंसं वाटायचं. पुढे राग गेला. तुम्हाला तरी कुणी सांगितलं होतं?"

"आणि आता तीन शनिवार माझ्यासमोर गप्प बसलीस?"

"सतरा जणांत माझ्याच बाईंना कसं सांगू?"

बाईंना वाटलं होतं, आपण रडू. त्याऐवजी त्या चिडल्या. त्यांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. तुला वाईट वाटेल म्हणून तुझी चूक मी कधी गप्प राहून सोडली होती का, असं विचारलं. सुताराची धाकटी सहावीत असताना घालायची तशी मान खाली घालून उभी राहिली.

"चुकलं, बाई."

"बरं. आता बाकीचे शब्द सांग."

त्या दिवशी वहीत एकोणीस शब्द लिहिले गेले.

सोमवारी बाईंनी वर्गाला सरळ सांगितलं की हा शब्द मी तुम्हाला चुकीचा शिकवला. मुलं एकमेकांकडे बघू लागली. एका चुणचुणीत मुलीने हात वर केला: म्हणायचा नाही तर मग त्यात एस ठेवलाय कशाला? पूर्वी त्यांनी 'नियमच आहे' म्हणून तिला खाली बसवलं असतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई शाळेच्या दारात उभी. तीही बाईंचीच विद्यार्थिनी. घरी मायलेकींत जुंपली होती. मला बाईंनी शिकवलंय, असं आई म्हणे; मलाही बाईंनीच, असं लेक म्हणे. आता निकाल बाईंनीच द्यायचा होता.

"लेक बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "तुला चुकीचं शिकवलं ते मी."

आईने विचारलं, "आणखी काय काय बदललंय?"

बाईंनी वही उघडून तिच्यापुढे ठेवली. शुक्रवारी शाळा सुटल्यावर येत जा, म्हणाल्या. त्या शुक्रवारी ती एकटीच आली. पुढच्या शुक्रवारी चौघी आल्या, आणि त्यातली एक जण लाजत मागेच बसली.

एसचं उत्तर प्रशिक्षण देणारीलाही ठाऊक नव्हतं. तिने शोधून फोनवर लिहून पाठवलं: शेकडो वर्षांपूर्वी शिकल्यासवरल्या लोकांनी तो चुकून घुसवला होता आणि पुढे कुणी काढलाच नाही. बाईंनी ते दोनदा वाचलं, आणि सोमवारी मुलांना सांगायचं म्हणून वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.