लहान म्हणून टाकलेलं

रविराज उचगावचा. शाळेत माझ्याकडे गणित शिकला आणि आता जर्मनीत कृष्णविवरांचं गणित करतो. त्याच्याच वर्गातली माझी लेक केतकी बंगळूरला बसून तेच करते. दोघंही एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागली होती: एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन कृष्णविवरांची चाल नेमकी कशी? मला त्या कृष्णविवरांचं काय पडलंय! केतकीचा जीव रविराजमध्ये अडकलाय आणि ती तोंडातून शब्द काढत नाही, हे माझं दुखणं.

त्यांची पद्धतही जगावेगळी. प्रश्न एकच, पण रविराज तो आइन्स्टाइनच्या समीकरणांनी थेट सोडवणार. केतकी मात्र त्या अवाढव्य विवरांना दोन सूक्ष्म कण समजते. लांबून आले, एकमेकांजवळून गेले, थोडे वळले, निघून गेले. कणांच्या अशा गाठीभेटींचं क्वांटम गणित असतं. त्यातून वळण किती ते काढायचं, आणि वळणावरून, ती दोन्ही विवरं एकमेकांना धरून राहिली तर कशी फिरतील, ते ताडायचं.

"अगं, एवढं मोठं विवर, त्याला कण कसं म्हणतेस?" मी एकदा विचारलं होतं.

"लांबून बघितलं की टिंबच असतं, आई."

आणि नियम असा, की दोघांचं पुरतं होईपर्यंत एकमेकांचं उत्तर बघायचं नाही. चोरून बघून जुळवलेल्या उत्तराला किंमत नसते, हे मीच त्यांना शाळेत शिकवलेलं. आता भोगतेय.

या दिवाळीत दोघांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर उत्तरं उघडली. असलं उत्तर पायरीपायरीनं जास्त नेमकं होत जातं; पहिल्या दोन पायऱ्या तंतोतंत जुळल्या. तिसरीवर फरक. दोघांनी तास-दोन तास डोकी खाजवली, माझे दोन चहा गार केले, पण फरक काही हलेना.

"असं करूया," रविराज शेवटी म्हणाला. "तुझं तू छाप, माझं मी छापतो. रविवारी माझं विमान आहे. नवी नोकरी आणखी लांबची, आता दर दिवाळीला येणं जमायचं नाही."

"चालेल," केतकी म्हणाली.

चालेल म्हणे! एवढीच वर्षातली एक भेट, तीही त्या गणिताच्या निमित्तानं, आणि ही म्हणते चालेल. तो गेल्यावर मी भांडी जरा जोरातच आपटली.

जाताना त्यानं नेहमीची पिशवी ओट्यावर ठेवली होती. त्यांच्या शेतातली रताळी. दरवेळी बोटाएवढी बारकी. मोठी बाजाराला, उरलीसुरली बाईंना, असं मी दरवर्षी पुटपुटते. केतकी मात्र ती भाजून एकटीच फस्त करते.

शनिवारी सकाळी ती टेबलाशी बसली होती. समोर सालांची बशी, कागदांचा पसारा.

"आई, मी गाढव आहे."

"ते आहेच. काय झालं?"

"कृष्णविवर म्हणजे मोठी गोष्ट, त्यात क्वांटमचे बारीकसारीक तुकडे कशाला हवेत, म्हणून एका ठिकाणी मी ते आरंभीच खोडले. पण याच गणितात काही तुकडे अफाट मोठे येतात. शेवटी ते एकमेकांना खाऊन संपतात, पण त्याआधी त्या बारक्या तुकड्यांशी त्यांचा गुणाकार होतो. त्यातून जे उरतं ते ना मोठं ना लहान, अगदी मापाचं. तेवढंच माझ्या उत्तरात कमी आहे. ही चूक मी विद्यार्थ्यांना करू देत नाही गं!"

रविराज फोन उचलेना. मग काय, लॅपटॉप पाठीला लावून तिनं स्कूटर काढली आणि मी मागे बसले. उचगावच्या वाटेवरचं हिंडलगा मागे पडलं तरी तिनं वेग कमी केला नाही.

शेतात रताळी काढणं चाललं होतं. रविराज वरच्या अंगाला वेल ओढत होता. त्याच्या आई, नागुबाई, बांधाशी बसून निवड करत होत्या. एकीकडे पोती, एकीकडे बारक्यांचं घमेलं. मला राहवलं नाही.

"ही बारकी आमच्या वाट्याची ना?"

"व्हय की ओ बाई. एरवी म्हशीला घालतो आमी. पर ह्यो पोरगा तिकडनं फोन करून सांगतोय, आये, बारकी टाकू नको. केतकीला बारकीच आवडत्यात म्हणं. आल्यावर सगळं रान फिरून एकेक येचतोय."

बोलता बोलता त्या घमेल्यातली रताळी आमच्यासाठी पिशवीत भरू लागल्या. मी मागे वळून बघितलं, तर केतकी लॅपटॉप छातीशी धरून तिथंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मग दोघं बांधावर बसली. मातीचे हात पँटला पुसून त्यानं तिच्या ओळी वाचल्या, परत वाचल्या, आणि ओरडला, "जुळलं गं! शेवटपर्यंत जुळलं!" हसला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. "झालं मग. आता कायच उरलं न्हाय."

"चौथी पायरी उरलीय."

"त्येला लई वर्षं लागतील."

"लागू देत. पण दोन देशांत बसून मला ती करायची नाही. एका घरात करायची आहे." तिनं लॅपटॉप मिटला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे, रविराज. तुझं असं काही बारकं दिसलं, की एवढ्यातेवढ्याचं काय धरायचं, म्हणून मी ते आरंभीच खोडत आले."

त्यानं मिटलेल्या लॅपटॉपवरची माती बाहीनं पुसली.

"आणि नियम?" त्यानं विचारलं. "एकमेकाला उत्तर दाखवायचं न्हाय, त्यो?"

"तो राहील. तू आतल्या खोलीत बस, मी बाहेरच्या."

"बाहेरची मला पायजे. उजेड असतोय."

"बरं, घे."

मला रडू आवरेना. नागुबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "काय म्हणत्यात ओ बाई पोरं?"

"एका घरात राहतो म्हणताहेत."

त्यांनी एकदा लेकाकडे बघितलं, एकदा केतकीकडे. मग अर्धी भरलेली आमची पिशवी परत घमेल्यात ओतली आणि घमेलं उचलून उभ्या राहिल्या.

"मग पिशवी कशाला भरतीया मी? चला घरला. चूल पेटीवते."