मी तीन दाखवले होते

आधीच सांगून ठेवतो, मित्रांनो, मी रागात आहे. म्हातारे फासे गोड बोलतात, मऊ आवाजात आठवणी सांगतात, असे तुम्हाला वाटत असेल. मला ते जमणार नाही.

मी एक जुना फासा आहे. सापशिडीतला सहा बाजूंचा फासा तुम्ही पाहिला असेल. मला वीस बाजू आहेत, वीस छोटे त्रिकोण आणि प्रत्येकावर एक आकडा. एका कारखान्यात निळा रस साच्यात ओतून मला घडवले. मग खडीच्या पिंपात घालून दोन दिवस गरागरा फिरवले, माझ्या कडा घासल्या, आणि आकड्यांत पांढरा रंग भरला. एका बाईने भिंगातून माझी एकेक बाजू तपासली. तिने मला अकरा वेळा टाकून पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "हा सरळ आहे गं. कुठेही कलत नाही." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. समोरासमोरच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज करा, एकवीसच भरेल. वर वीस असेल तर खाली एक, वर तीन असतील तर खाली अठरा. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळी लबाडी याच बेरजेच्या आडून झाली.

मला विकत घेणाऱ्या मुलाला सगळे लंबू म्हणत. तो तेव्हा शिकत होता. त्याच्या वर्गातला एक मुलगा नकाशे सुंदर काढायचा, तो मास्तर. एक बेकरीवाल्याचा मुलगा, त्याला सगळे पाव म्हणत. आणि एक नर्सिंग शिकणारी मुलगी, ती सिस्टर. हे चौघे एका टेबलाभोवती बसून गोष्टीचा खेळ खेळत. मास्तर गोष्ट सांगायचा: समोर दरी आहे, पूल मोडका आहे, पलीकडे राक्षस आहे. बाकीचे तिघे त्या गोष्टीतली पात्रे व्हायचे आणि काय करायचे ते ठरवायचे. अवघड काम असले की प्रत्येकाने आपला फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर काम फत्ते, लहान आला तर फजिती. लंबूचा फासा मी.

लंबू गोष्टीत ढाल घेतलेला शिपाई व्हायचा. सिस्टरला सगळे म्हणाले, तू वैद्य हो. ती म्हणाली, "दिवसभर पट्ट्याच बांधते रे मी. इथे तरी मला चोरी करू द्या." म्हणून ती कुलपे उघडणारी चोरटी झाली. तिच्या पात्राचे नाव खार.

शिक्षण संपले. लंबू लिफ्ट दुरुस्त करायला लागला. मास्तर खरोखरच भूगोलाचा मास्तर झाला. पाव बापाच्या भट्टीवर उभा राहिला. सिस्टर दूरच्या इस्पितळात नोकरीला लागली आणि तिथल्याच हॉस्टेलवर राहायला गेली. चार गावे, चार खोल्या. पण खेळ सुटला नाही. दर रविवारी दुपारी तीन वाजता चौघेही लॅपटॉप उघडून बसत. पडद्यावर मास्तरचा नकाशा आणि कोपऱ्यात चौघांचे चौकोन. तिथे आपोआप पडणारे फासेही होते. पण पाव म्हणाला, "छे, फासा हातात खुळखुळला पाहिजे. आपण आपले टाकू आणि आलेला आकडा सांगू. आपल्यात कोण खोटं बोलणार आहे?"

हे ऐकून मला किती बरे वाटले होते! समोरच्याला मी दिसत नव्हतो. तरी माझ्यावर आलेला आकडा शब्दांतून तीन गावी पोचत होता, आणि तिन्ही गावी तो खरा मानला जात होता. अशी इज्जत फार थोड्या फाशांच्या वाट्याला येते. दोन वर्षे ती मी उपभोगली.

मग ती दुपार आली. गोष्टीत खार कड्यावरून दोराला लोंबकळत होती. दोर ढालवाल्याच्या हातात. लंबूने मला टाकले. मी टेबलावर दोन कोलांट्या खाल्ल्या आणि थांबलो. माझ्यावर तीन होते. तीन म्हणजे हात सुटला, खार खाली. लंबूने माझ्याकडे पाहिले. आठवडाभर लोकांनी त्याला बंद लिफ्टच्या दारांतून शिव्या घातल्या होत्या. चालू लिफ्टबद्दल कोणी त्याला कधी फोन करत नाही. तो पडद्याकडे वळला आणि म्हणाला, "अठरा!"

"लंबू, वाचवलंस रे!" सिस्टर ओरडली. पावने टाळ्या पिटल्या.

अठरा माझ्या पोटाखाली टेबलाला चिकटलेले होते. मी तीन दाखवले होते, मित्रांनो. तीन!

मैत्रिणीसाठी केले, एकदाच केले, असे म्हणून मी गिळले. पण त्या टाळ्या त्याच्या तोंडाला लागल्या. पुढच्या रविवारी वर पाच आले, त्याने सोळा सांगितले. मग हीच रीत पडली. आकडा लहान आला की तो खालचा वाचायचा, मोठा आला की वरचा. हवा तो आकडा मनाने सांगत नव्हता, म्हणजे आपण खोटे बोलत नाही असे त्याने स्वतःला पटवले असावे. मला तोंड नाही. असते तर त्या लॅपटॉपला भोक पडेल असा ओरडलो असतो.

वर्षभराने मास्तर वैतागला. एका रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधीच म्हणाला, "माझे राक्षस चहा गार व्हायच्या आत मरतायत. असं होणं शक्य नाही. कोणीतरी आकडे खोटे सांगतंय."

लंबूचा तळवा माझ्यावर होता, तो ओला झाला. तेव्हाच बोलून टाकायची संधी होती. मास्तर फार तर दोन आठवडे रुसला असता. पण लंबू काय म्हणाला ऐका.

"आम्ही तर समोर दिसतोय. ज्यांचा कॅमेरा बंद असतो त्यांना विचार."

कॅमेरा एकटीचाच बंद असायचा. हॉस्टेलच्या खोलीत सिस्टरची जोडीदारीण रात्रपाळी करून दुपारी झोपलेली असे. तिच्यावर कॅमेरा रोखायचा कसा? फाशाच्या आवाजाने ती उठू नये म्हणून सिस्टर आपला फासा घडी घातलेल्या टॉवेलवर टाकायची. आणि नशीब बघा, मागच्याच रविवारी तिला तीन वेळा वीस आले होते. खरेखुरे वीस.

"तुझ्या फाशाचा आवाजही येत नाही कधी," पाव हळूच म्हणाला.

"टॉवेल असतो खाली. सांगितलं होतं मी." मग ती म्हणाली, "लंबू, तुलाही असंच वाटतं?"

लंबू नाक खाजवत म्हणाला, "मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

मास्तरने तोडगा काढला. सिस्टरने यापुढे पडद्यावरचे आपोआप पडणारे फासे वापरावेत.

"फक्त मी?" तिने विचारले.

पाव म्हणाला, "मनावर घेऊ नकोस गं." हे वाक्य मला अजून डाचते. माणसाचे मन तुडवायचे आणि वर त्यालाच बजावायचे की मनावर घेऊ नकोस! तिचा चौकोन पडद्यावरून नाहीसा झाला. पुढच्या रविवारी ती आली नाही. मास्तरने गोष्टीत सांगून टाकले की खार सगळ्यांचा खजिना घेऊन पळाली. पाव हसला. लंबूही हसला. मी त्याच्या मुठीत होतो. ते हसू माझ्या वीसही बाजूंना चटका देऊन गेले.

आठ महिने असेच गेले. मग लंबूची आई त्याच्याकडे राहायला आली. तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले होते. नवी दृष्टी मिळाल्यापासून दिसेल ते बारीक अक्षर ती मोठ्याने वाचत सुटली होती: औषधाच्या बाटल्या, साबणाची वेष्टने, फ्रीजच्या मागची पट्टी. नोकरीत असताना ती दुकानांचे तराजू आणि मापे तपासायची. एकोणतीस वर्षे तपासली.

रविवारी ती लेकाच्या शेजारी खुर्ची घेऊन बसली. लंबूने मला टाकले. माझ्यावर सहा होते.

"पंधरा," लंबू म्हणाला.

आईने मला उचलताच लंबूने पटकन माइक बंद केला. तिने मला उलटे केले, पाहिले, पुन्हा ठेवले. "अरे, खालचा आकडा वाचायचा असतो का?"

लंबू म्हणाला, "हो. ऑनलाइन तसंच असतं."

"बरं."

पाच मिनिटांनी त्याने मला पुन्हा टाकले. मी एकोणीस दाखवले. मुद्दाम नव्हे, मला मुद्दाम काही करता येत नाही. लंबू खुशीत ओरडला, "एकोणीस!"

"मग आत्ता वरचा का वाचलास?" आई म्हणाली.

या वेळी माइक चालू होता. पाव हसत म्हणाला, "काकू पण खेळतायत वाटतं!" लंबूने माइक बंद केला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काट्याखाली बोट लावणारा दुकानदार माझ्याकडे असाच बघायचा," आई म्हणाली. "केव्हापासून चाललंय?"

त्याने सांगितले. आधी तुकड्या-तुकड्याने, मग भडभडा. सिस्टरचेही सांगितले.

"म्हणजे त्या पोरीवर आळ आला, आणि तो घालणारा तू?"

"आई, खेळ आहे गं तो नुसता."

"म्हणून तर," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी मी टेबलावर थरथरलो. "पोटासाठी मापात मारणारे खूप बघितले मी. ते निदान लेकरांचं नाव तरी सांगायचे. तू काय सांगणार आहेस? चालू कर ते यंत्र."

लंबूने माइक चालू केला आणि सगळे सांगितले. पाव म्हणाला, "जाऊ दे रे, झालं गेलं." मास्तरने मात्र स्वतःचा कॅमेरा बंद केला. अंधाऱ्या चौकोनातून त्याचा आवाज आला, "पहिला दगड तू मारलास, पण पकडून आम्ही ठेवलं होतं तिला. फोन कर. आम्ही ऐकतोय."

लंबूने फोन लावला. सिस्टरने त्याला मध्येच तोडले नाही. सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आठ महिने मी विचार करत होते, माझं काय चुकलं. हॉस्टेलच्या गॅलरीत उभी राहून मी तोच फासा पन्नास-पन्नास वेळा टाकून बघितलाय. मलाच वाटायला लागलं, वाकडा असेल. माझ्याच शब्दावर माझा विश्वास उरला नाही, लंबू."

"चुकलो गं मी. परत ये ना."

"एकदा येईन. खारीला चोर ठरवून तसंच सोडणार नाही."

पुढच्या रविवारी तीनला तिचा चौकोन उघडला. कॅमेरा बंदच होता, आणि कोणाची त्याबद्दल बोलायची छाती नव्हती. मास्तर अपराधी सुरात म्हणाला, "खजिन्याचं आपण पुसून टाकू. झालंच नव्हतं असं समजू."

"झालं होतं. पुसू नकोस," ती म्हणाली. "खार परत आलीय. शहराच्या वेशीवर उभी आहे, चेहरा न झाकता. तिला आत येऊन सगळ्यांसमोर सांगायचंय की खजिना तिने घेतला नाही. पुढचं सांग."

मास्तरने सांगितले. वेशीवर पहारेकरी आहेत, खारीच्या नावाने हुकूम निघालेला आहे. त्यांना पटवायचे तर फासा टाकावा लागेल.

"दोन," सिस्टर म्हणाली.

मास्तर गडबडला. "पुन्हा टाक. फासा नीट पडला नसेल."

"नीट पडलाय."

"अगं, एवढ्या आठ महिन्यांनी आलीस, आपण चालवून घेऊ..."

"दोन आलेत, मास्तर. लिही."

मास्तरने लिहिले. पेनचा आवाज आम्हाला ऐकू आला. पहारेकऱ्यांनी खारीला पकडले, आणि ती न पळता त्यांच्याबरोबर चालत गेली. लंबू दोन्ही हातांत तोंड लपवून बसला होता. सिस्टरने लंबूच्या आईला नमस्कार सांगितला, सगळ्यांना म्हणाली, "बरं, येते," आणि गेली. ती पुन्हा आली नाही. तिघांनी दोन-तीन रविवार ओढूनताणून खेळ चालवला, मग तोही बंद पडला.

आता मी पेचकस आणि जळक्या वायरींच्या डब्यात पडून आहे. लंबू वाईट माणूस नाही, असे त्याची आईही म्हणते. असेल. मी त्याला अजून माफ केलेले नाही, आणि करायचे की नाही हे माझ्या हातात नाहीच. ते सिस्टरने ठरवायचे.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला डबीत जपा, असे काही मी मागत नाही. हरवलो तरी चालेल. पण मला टाकाल तेव्हा वर जे दिसेल ते सांगा, एक आला तर एक सांगा, आणि हरा. हरल्याने गोष्टीतला शिपाई पडतो, एवढेच. आणि तुमच्या खेळातून कोणी मान खाली घालून निघून गेले असेल, तर पडद्यावरचा तो रिकामा चौकोन बघून हसण्याआधी स्वतःच्या मुठीत काय दडले आहे ते उघडून बघा.