विस्तवात घातलेले भगुने

मी एक जुने पितळी भगुने आहे. तुम्ही पातेले म्हणत असाल, पण आमच्या अणदूरकडच्या भागात भगुनेच म्हणतात. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना फार गोड बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या बुडाला एक तडा आहे आणि तो कसा पडला हे आठवले की आजही माझे पित्त खवळते.

एका तांबटाने मला ठोकून घडवले. चन्नम्माच्या वडिलांनी मला तिच्या आंदणात दिले. तेव्हा आमच्याकडे निजामाचे राज्य होते. चन्नम्मा लग्नाआधी सोलापूरला बाळंतपणाचे काम शिकली होती आणि गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्या सासऱ्यांना, हणमंतप्पांना, याचा मोठा अभिमान होता. लग्नात ते ज्याला त्याला सांगत होते, ‘आमची सून शिकलेली हाय बरं का.’

सासरी आल्यावर मी पहिले काही महिने आमटी शिजवली. मग चन्नम्माने मला चुलीवरून उतरवले आणि स्वतःच्या कामाला घेतले. बाळंतपणाला निघताना ती कात्री, दोरा आणि कापडाच्या घड्या माझ्यात भरायची, वर झाकण ठेवून फडक्यात बांधायची. त्या घरी पोहोचली की आधी चूल मागायची. मी खळखळ उकळायचे, कात्री तळाशी वाजायची. उकळल्याशिवाय चन्नम्मा कशालाही हात लावत नसे. घरातल्या बायका माझ्याकडे बघून हसायच्या, म्हणायच्या, ‘बाई आल्या की आधी लोखंड शिजिवत्यात!’ हसल्या तरी मला राग येत नसे. त्यांची बाळे जगत होती.

राग यायचा तो घरी परतल्यावर.

आमचे घर लिंगायतांचे. हणमंतप्पा संध्याकाळी कट्ट्यावर बसून पाहुण्यांना ऐकवायचे, ‘आमच्यात सोयर-सूतक न्हाय पाळत. गळ्यात लिंग हाय, त्याला कसला आलाय इटाळ?’ ऐकायला किती छान! मीही आधी भाळले होते. मग एकदा पाटलांच्या सुनेला मुलगा झाला. चन्नम्मा खण-नारळ घेऊन परतली. सासूबाईंनी, शांतम्मांनी, तिला हाताला धरून माजघरात नेले, चहा दिला, आणि मला थेट चुलीपाशी ठेवले. पुढच्याच आठवड्यात ती गावकुसाबाहेरच्या वस्तीत बाळंतपण करून आली, तर शांतम्मा दारात आडव्या उभ्या.

‘गोठ्यातच थांब. न्हाऊन घे. ताट तिथंच पाठवते. आन् पोरीला शिवू नकोस.’

सूतक नाही ना पाळत? मग हे काय होते? दोन्ही ठिकाणी रक्त तेच होते आणि रडणेही तेच होते. मला तर दोन्ही घरांतल्या पाण्यात काही फरक कळला नाही. पण शांतम्मा जन्माचा विटाळ मोजत नव्हत्या, गल्ली मोजत होत्या. हणमंतप्पा कट्ट्यावर बसून सगळे बघत आणि सुपारी कातरत. चन्नम्माचा नवरा मल्लिनाथ स्वभावाने गरीब. तो अशा दिवशी नेमका दुकानात उशिरापर्यंत थांबे. आणि चन्नम्माची लहानगी शिवगंगा चौकटीत उभी राहून आईकडे बघत राही. आधी ती धावत यायची. मग तिला मागे ओढावे लागेनासे झाले.

चन्नम्मा सगळे सोसत होती. वस्तीत जायचे मात्र तिने सोडले नाही. तिथे कोंडाबाई नावाची म्हातारी सुईण होती, आणि दोघींचे चांगले जमले होते. चन्नम्माने तिला कात्री उकळायची सवय लावली, एक जादा कात्री आणि दोऱ्याची गुंडीही देऊन ठेवली. अडलेल्या बाईचे पोट कसे चोळावे, मूल आडवे असेल तर हाताला कसे लागते, हे कोंडाबाईने चन्नम्माला शिकवले.

मग अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा आला. सोलापूर हिंदुस्थानात आणि आम्ही निजामात. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर माल अडवत, रस्त्याने रझाकारांची भीती. दवाखान्यातली औषधे संपली ती संपलीच. साधा दोरा मिळायची मारामार. अशा दिवसांत जगदेवी, म्हणजे हणमंतप्पांची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आता तिचे बाळंतपण भावजयच करणार, हे उघड होते. शांतम्मांनाही तेच हवे होते. फक्त मी नको होते.

एका सकाळी चन्नम्मा वस्तीतून परतली. सगळे सामान नव्याने उकळून तिने माझ्यात भरले, झाकण लावले, मला गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवले आणि न्हायला गेली. तेवढ्यात शांतम्मा आल्या. त्यांनी मला चिमट्यात धरले, अंगणात गोवऱ्यांचा ढीग पेटवला होता त्यात नेऊन घातले आणि वरून आणखी गोवऱ्या रचल्या.

हो, विटाळलेले भांडे विस्तवातून काढले की शुद्ध होते, असा त्यांचा समज. अहो, मग मी रोज काय करत होते? विस्तवावर बसणे हाच तर माझा धंदा होता! पण पाणी वस्तीतल्या चुलीवर उकळले असेल तर तो विस्तवसुद्धा विटाळलेला, आणि अंगणातल्या गोवऱ्यांचा तेवढा सोवळा. माझ्यात पाण्याचा थेंब नव्हता. कल्हई वितळून ओघळली. दोरा आणि कापडे जळून राख झाली. कात्रीच्या धारेचे पाणी उतरले, ती निळी-काळी पडली. आणि माझ्या बुडाला तडा गेला. शांतम्मांच्या मनात वाईट नव्हते, लेकीची काळजीच होती, हे मला मान्य आहे. त्याने माझा राग कमी होत नाही.

चन्नम्मा ओल्या केसांनी बाहेर आली आणि अंगणात थबकली.

‘आत्याबाई, ह्ये काय केलंत?’

‘जगदेवीला लावायचंय ते. शुद्ध नको व्हय?’

दुपारी जगदेवीला कळा सुरू झाल्या. चन्नम्माने पोट चाचपले आणि तिचा चेहरा उतरला.

‘बाळ पायाळू हाय,’ ती म्हणाली. ‘कात्री न्हाय, दोरा न्हाय. आन् मला एकटीला हे व्हायचं न्हाय. पोट धरायला जाणता हात लागतो. कोंडामावशीला बोलवा. त्यांच्याकडं माझी दुसरी कात्री हाय.’

मल्लिनाथ पळत गेला. त्याच्या आयुष्यातले हे एक बरे काम मी नोंदवून ठेवते. कोंडाबाई आली ती कात्री-दोरा पदरात बांधून, धापा टाकत, आणि सवयीने अंगणाच्या कडेला थांबली.

‘कात्री तिथं खाली ठेव म्हणावं,’ शांतम्मा दारातून म्हणाल्या. ‘पाणी शिंपडून आमी घेऊ.’

‘कात्रीला हात न्हाईत, आत्याबाई. मला मावशीचे हात पायजेत.’

‘आजवर या उंबऱ्याच्या आत...’

‘तर मग तुमीच धरा पोट. येतंय?’

हणमंतप्पा कट्ट्यावर होते. सूतक न मानणारे, लिंगधारी, भले गृहस्थ. ते सुपारी कातरत राहिले. आतून जगदेवी किंचाळली, ‘आई, येऊ दे तिला! मी मरते गं!’ तेव्हा कुठे शांतम्मा बाजूला झाल्या.

मला चुलीवर चढवले तर तड्यातून पाणी गळून विस्तव फसफसू लागला. कोंडाबाईने कणीक मागितली. शांतम्मांनी मुकाट्याने भिजवून दिली. कोंडाबाईने ती माझ्या बुडाला जाड थापली, गळती थांबली, आणि मी उकळले. असे उकळले की झाकण उडत होते. आत एकीने पोट धरले, दुसरीने बाळाचे पाय. चन्नम्मा सारखी म्हणत होती, ‘ओढायचं न्हाय, मावशी, आपलं आपण येऊ द्या.’ कोंडाबाई म्हणत होती, ‘दाबते मी, तुमी मान सांभाळा.’ बाळ निळे होते. चन्नम्माने पाठ चोळली, तोंड पुसले, आणि मग ते असे ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मुलगी झाली होती. जगदेवीही बचावली.

आता तरी सगळे बदलले असेल, असे वाटते ना तुम्हाला? मलाही वाटले होते.

दुसऱ्या दिवशी जंगम स्वामी, म्हणजे लिंगायतांचे गुरू, आले. बाळाला लिंग बांधले. हणमंतप्पांनी पाहुण्यांना सांगितले, ‘बघा, बाळंतीण आपल्यातच बसली हाय. आमच्यात सूतक न्हाय पाळत.’ पंगत बसली. गव्हाची गोड हुग्गी आणि कटाची आमटी झाली. जगदेवी माजघरात जेवली, पाहुणे पडवीत. कोंडाबाईला कडुनिंबाखाली पत्रावळ दिली. आणि चन्नम्माचे ताट? गोठ्यात! कोंडाबाईबरोबर एका खोलीत राबली होती ना ती. मी म्हशीच्या दावणीजवळ पालथे पडले होते. मला हात असते तर मी ते ताट पंगतीत भिरकावले असते.

जेवताना कोंडाबाईला ठसका लागला. तिने पाणी मागितले. शिवगंगा तांब्या घेऊन धावली, आणि कडुनिंबापाशी जाऊन थांबली. तिने परकराचा घोळ गोळा करून घट्ट धरला, दोन पावले लांब उभी राहिली आणि कोंडाबाईच्या ओंजळीत उंचावरून धार धरली. हे तिला कुणी शिकवले नव्हते. बघून बघून आले होते. कोंडाबाईनेही ओंजळ अशी काही आधीच पुढे केली, जणू पाणी असेच प्यायचे असते.

चन्नम्मा गोठ्यातून हे बघत होती. आजवर तिने स्वतःसाठी काही मागितले नव्हते. तिने हातातला घास ताटात ठेवला, हात धुतले, मला उचलून काखेत घेतले आणि दुसऱ्या हाताने शिवगंगाचा हात धरला.

‘कुठं चाललीस?’ मल्लिनाथने घाबरून विचारले.

‘पोरीला पाणी द्यायला शिकवायला,’ ती म्हणाली.

आम्ही दवाखान्यामागच्या खोलीत राहिलो. मल्लिनाथ येऊन-जाऊन असे. ‘चल की घरी,’ म्हणायचा. ‘कोंडामावशीचं ताट पंगतीत मांडा, त्याच दिवशी येते,’ एवढेच तिचे उत्तर. पुढे सप्टेंबरात निजामाचे राज्य गेले. चावडीवर झेंडा लागला. हणमंतप्पांनी पेढे वाटले, सगळे आता सारखे झाले म्हणून टाळ्या घेतल्या. ताट काही मांडले गेले नाही. दोन वर्षांनी घरून बोलावणे आले, ते जगदेवीच्या दुसऱ्या बाळंतपणाचे. चन्नम्मा गेली. अडलेल्या बाईचा काय दोष? कोंडाबाईला पुढे घालून गेली, बाळंतपण केले, आणि त्या घरचे पाणीही न पिता दोघी परत आल्या.

मित्रांनो, आता मी एका दिवाणखान्यात काचेच्या कपाटात असते. मला चिंचेने घासून लखलखीत करतात. पाहुणे माझ्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, ‘काय जुनं काम आहे!’ त्या वेळी माझ्या जिवाचा संताप होतो. पितळेला एवढा मान? अहो, जी मला घेऊन उन्हातान्हात हिंडली, तिला गोठ्यात जेवायला घातले, आणि जिने कणकेने माझा तडा बुजवला तिला उंचावरून पाणी पाजले!

तेव्हा माझी निगा नाही राखली तरी चालेल. खुशाल काळे पडू द्या मला. पण आज घरी गेलात की आईला एक विचारा. तुम्ही जन्मलात तेव्हा तुम्हाला पहिला हात कुणाचा लागला? आईने नाव सांगितले, तर तिथेच थांबू नका. पुढचेही विचारा, की त्या बाईला त्या दिवशी आपल्या घरी जेवायला कुठे बसवले होते.