दुसरा नमुना

भाऊजींनी गेमची कॉपी घ्यावी आणि संध्याकाळी ती अपुरी निघावी, असं दोनदा झालं तेव्हा मी हळहळले. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मला संशय आला.

गेम बस चालवण्याचा. बाजारात मिळतो तो साधा. आमच्या घरातला मात्र भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, इतका बदललाय की ज्यांनी तो बनवला त्यांनाही ओळखू येणार नाही. सासऱ्यांनी ज्या मार्गावर जन्मभर बस चालवली तो अख्खा मार्ग त्यात आहे. एकेका थांब्याचे फोटो काढून तो बांधलाय, डेअरीच्या वळणावर आडव्या झोपणाऱ्या कुत्र्यासकट. ब्रेकचा फुसकारा डेपोत जाऊन रेकॉर्ड केलेला. यातली कुठली भर आधी चढवायची आणि कुठली नंतर, हा क्रम चुकला तर बस जमिनीवरून हातभर वर तरंगते. चक्कर येते म्हणून बाबा आता एकटे फाटकापर्यंतही जात नाहीत. पण रोज संध्याकाळी टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग धरून ते पूर्ण फेरी मारतात आणि भाऊजी मागे उभं राहून कंडक्टरकी करतात.

भाऊजींना दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. घरी आणलेलं नकाशांचं कामही ते गेमच्याच संगणकावर करतात, त्यामुळे तो त्यांच्याबरोबर जाणार. बाबांसाठी गेम आमच्या लॅपटॉपवर चढवायचा होता. "बाबांची बस लॅपटॉपवर धावली, की आम्ही निघालो," असं भाऊजी सगळ्यांसमोर बोलून बसले होते. सकाळी कामावर जाण्याआधी ते डिस्कवर कॉपी घेत आणि संध्याकाळी ती लॅपटॉपवर चढवायला बसत. पहिल्यांदा पूल नव्हता. मग डेपो नव्हता. आता गोदामाचा थांबा नव्हता. दर वेळी भाऊजी म्हणत, उद्या परत अख्खी घेऊ.

"डिस्कच खराब असणार," भाऊजी म्हणाले.

खराब डिस्क उंदरासारखी कुरतडते. इथे एक अर्धी, तिथे एक अर्धी अशा फाइली मागे राहतात. इथे तर दुधातून केस काढावा तसा एक फोल्डर नेमका निघाला होता. बाकी सगळं जागच्या जागी.

मी स्वयंपाकघरात जावेला विचारलं, "दुपारी डिस्कला कुणी हात लावला होता का?"

"माझ्याकडे काय बघताय, ताई? भांडी खोक्यात, कपडे खोक्यात, चार चमच्यांवर संसार चाललाय माझा. इथून निघायची घाई कुणाला आहे? मला! मग मी कशाला पुसू?"

मुद्दा बिनतोड होता. भाऊजी दिवसभर बाहेर, माझा नवरा फिरतीवर. उरलं कोण, ते मी मनातसुद्धा पूर्ण उच्चारलं नाही.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. वादातलं पाणी असेल तर आम्ही एकाच वेळी दोन नमुने घेतो. एक तपासणीला जातो, दुसरा सील करून बाजूला ठेवतो. दुसऱ्या दिवशी भाऊजींची कॉपी झाल्यावर मी माझ्या डिस्कवर आणखी एक घेतली. दोन्ही मूळ गेमशी ताडून पाहिल्या. एका फाइलचाही फरक नव्हता. एक नेहमीसारखी टेबलावर ठेवली. दुसरी पर्समध्ये टाकून मी कामावर गेले.

संध्याकाळी टेबलावरच्या कॉपीतून शेवटचा थांबा गेला होता. पर्समधली कॉपी शाबूत होती.

भाऊजी आणि जाऊ टेम्पोवाल्याशी बोलायला बाहेर गेले होते. बाबा स्टिअरिंगवर होते. मी शेजारी खुर्ची ओढली.

"बाबा, शेवटचा थांबा कुठे गेला?"

"मला काय कळतंय त्यातलं, सूनबाई? मी आपला ड्रायव्हर माणूस."

"मी आज आणखी एक कॉपी घेतली होती. ती माझ्या पर्समध्ये होती. ती पूर्ण आहे."

बाबांनी ब्रेक दाबला. बस फुसकारा सोडून भर रस्त्यात उभी राहिली.

"पोलिसातच का नाही भरती झालीस?" ते म्हणाले. मग त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला. "एकेका फोल्डरवर थांब्याचं नाव लिहून ठेवलंय त्याने. वाचता येतं मला. डेपोतून गाडी सुटू द्यायची नसली ना, तर मोडायचं काही नसतं. एक बारकी नळी काढून खिशात घालायची. गाडी धडधाकट, फक्त हलत नाही."

"किती दिवस अशी उभी ठेवणार होतात?"

"एखादा आठवडा. जास्त लोभ नव्हता." ते पडद्याकडे बघत राहिले. "सांगणार त्याला?"

फाटक वाजलं. भाऊजी चपला काढता काढताच ओरडले, "वहिनी, आज काय गायब?"

बाबा माझ्याकडे बघत होते. खोटा अहवाल मी आजवर कुणाला दिलेला नाही. पण जे कुणी विचारलेलं नाही ते अहवालात लिहायचं नसतं, हेही मला ठाऊक आहे. मी पर्समधली डिस्क काढून भाऊजींच्या हातात ठेवली.

"काहीच नाही. पूर्ण आहे. मी ताडून पाहिली."

"सुटले गं बाई!" जाऊ म्हणाली.

भाऊजींनी डिस्क उलटसुलट करून पाहिली. "नीट पाहिलंत ना, वहिनी? म्हणजे... उगाच घाई नको. उद्या परत एकदा घेऊन बघू या का?"

जावेने त्यांच्याकडे पाहिलं. तशी नजर मी ओळखते. कालपासून मी या घरात तशाच संशयी नजरेने वावरत होते.

"कंडक्टर, गप्पा पुरे," बाबा म्हणाले. "गाडी भर रस्त्यात उभी आहे."

"आलो, आलो." भाऊजींनी डिस्क टेबलावर ठेवली, बाबांचा हात सहज पोचेल अशी, आणि ते खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

मी डिस्क उचलली आणि जावेच्या हातात दिली. लॅपटॉपवर चढवेपर्यंत कुणाचा हात लागू नये म्हणून तिने ती चमच्यांच्या खोक्यात टाकून वर चिकटपट्टी मारली.

"चला, पुढे सरका, पुढे सरका!" भाऊजी ओरडले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.