नाव घेण्याची पाळी

हेरमॉननं प्याला ओठांना लावला, तळाशी दारूचा घोटभर गाळ ठेवला आणि प्याल्याच्या कानात बोट अडकवलं. मग डाव्या कोपरावर रेलून त्यानं नेम धरला. समोर उंच दांड्यावर कांस्याची चपटी तबकडी तोललेली होती. गाळ उडवायचा, उडवताना ज्याच्यावर जीव जडलाय त्याचं नाव घ्यायचं, आणि तबकडी खणखणत खाली आली की समजायचं, ते माणूस आपलं झालं.

"नाव घे, नाव घे," सगळ्यांनी गलका केला.

"हा कुणाचं घेणार?" ड्रोमॉन म्हणाला. भट्टीत लाकडं सारणाऱ्या या ड्रोमॉनच्या जिभेला हाड नव्हतं. "अ‍ॅफ्रोडायटी देवीचं. दर वेळी तेच. प्रेमाची देवी असली तरी कंटाळली असेल बिचारी."

हशा पिकला. अथेन्सच्या कुंभारवाड्यात भट्टी उघडून सगळी भांडी धड निघाली की कारखान्याचा मालक, म्हातारा स्मिक्रोस, अशी दुपारची मेजवानी घाली. डोक्याला वेलींच्या माळा, मधे भाजलेले हरभरे नि सुके अंजीर, आणि पाणी घालून बेतशीर केलेली दारू. आज मात्र मेजवानीला आणखी एक कारण होतं. टेलेस चालला होता.

हेरमॉन चाकावर प्याले घडवी आणि टेलेस त्यांवर चित्रं काढी. दोघं एकाच हंगामात कामाला लागले होते, आणि आता दोघांच्याही दाढीत पांढरे केस डोकावत होते. समुद्रापलीकडच्या सिराक्यूज शहरातल्या एका कारखान्यानं टेलेसला बोलावणं धाडलं होतं. गाडीवाला अंगणात खेचरं सोडून सावलीला बसला होता. संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर जहाज सुटणार, म्हणजे ऊन कलायच्या आत बंदराची वाट धरायला हवी.

हेरमॉननं प्याल्याच्या कानातलं बोट पुन्हा नीट बसवलं. पुरुषाचं मन पुरुषावर बसलं तर या गावात कुणी तोंडात बोट घालत नसे. पण दाढीवाल्यानं आपल्याच वयाच्या दाढीवाल्याचं नाव घ्यायचं म्हणजे स्वतःची शोभा करून घ्यायची. वसंताच्या उत्सवात नाटकवाले अशांचे भर गर्दीत वाभाडे काढत. म्हणून तर तो इतकी वर्षं देवीच्या आड लपला होता. पण आज लपून मिळणार काय होतं? माणूसच निघालं होतं.

"टेलेस," तो म्हणाला, आणि मनगट झटकलं.

हेरमॉनचा नेम कधी चुकत नसे, त्याचं मनगट चाकावर पोसलेलं. आज मात्र चुकला. गाळ तबकडीवरून सरळ पुढे गेला आणि ड्रोमॉनच्या छातीवर फुटला.

"माझं नाव टेलेस कधी ठेवलं रे?" ड्रोमॉन छाती पुसत म्हणाला.

मग जे हसू फुटलं ते आवरेना. स्मिक्रोस डोळे पुसत म्हणाला, "नाव घेतलं तेही दाढीवाल्याचं, आणि वर नेम चुकला. देवीनं साफ नाही म्हटलंय, बाबा."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं हेरमॉनला झालं. तो प्याल्याच्या तळाकडे बघत राहिला. तिथलं चित्र टेलेसनंच काढलेलं होतं.

"आता पाळी माझी," शेजारच्या गादीवरून टेलेस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

केसाएवढी बारीक रेघ एका दमात ओढणारा टेलेसचा हात या खेळात मात्र अगदीच आंधळा होता. त्यानं आजवर एकदाही तबकडी पाडली नव्हती.

"हेरमॉन," तो स्वच्छ आवाजात म्हणाला, आणि मालकाच्या डोक्यावरची माळ भिजली.

"अरे, नेम तिकडे, तिकडे."

"वाढ आणखी." टेलेसनं प्याला पुढे केला. "हेरमॉन." या वेळी भिंत रंगली.

"पाळी एकच असते, लेका," मालक कुरकुरला.

"पाडल्याशिवाय मी उठायचा नाही."

प्याला भरेपर्यंत तो हेरमॉनकडे वळला आणि हळूच म्हणाला, "इतकी वर्षं देवीचं नाव घेत बसलास."

"लोक हसले असते."

"आज हसलेच की. काय झालं?" टेलेसनं दाढीवरून हात फिरवला. "मला वाटायचं, तुझ्या मनात कुणीच नाही. नाहीतर त्या सिराक्यूजवाल्यांना होकार कशाला कळवला असता?"

हेरमॉनला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. इतका आनंद एकदम झाला की कुठे ठेवावा, कळेना.

दारात गाडीवाला येऊन उभा राहिला. "निघायचं ना? ऊन उतरलं."

"आलोच. एवढी तबकडी पाडतो नि निघतो," टेलेस ओघात बोलून गेला, आणि गाळ उडवला.

या वेळी थेंब तबकडीच्या काठाला लागले. ती डुलली, कलली. सगळ्यांनी श्वास रोखला. हेरमॉननं तर गादीची कड मुठीत आवळून धरली. तबकडी पुन्हा डुलली, आणि हळूहळू जागच्या जागी स्थिरावली.

"जमतंय, जमतंय," ड्रोमॉन उत्साहानं ओरडला. "पुढच्या खेपेला पडतेय बघ."

हेरमॉन उठला. "दांडा वाकडा झालाय," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. त्यानं दोन्ही हातांनी दांडा उचलला, तबकडी जपून सावरली आणि वीतभर मागे नेऊन ठेवला. थोडा विचार करून आणखी वीतभर मागे सारला. मग येऊन आपल्या जागी बसला.

टेलेस हे सगळं बघत होता. त्यानं प्याला ड्रोमॉनपुढे धरला.

"भर," तो म्हणाला. "आणि त्या गाडीवाल्यालाही एक दे. खेचरं सोडलीयत, ती सोडलेलीच राहू देत."

मग कोपरावर नीट रेलून त्यानं तबकडीच्या बरंच वर, छताच्या तुळईवर नेम धरला, आणि नाव घेतलं.