उजेड धरणारी

कराडच्या लालासाहेबांनी आयुष्यभर लग्नांचे फोटो काढले. बायको अर्जुना त्यांच्याबरोबर असायची, हातात लाईट धरून. ती गेली तेव्हा घरात तिचा धड फोटो सापडला नाही. आधार कार्डावरचाच मोठा करून हार घातला. त्यात तिचे डोळे अर्धवट मिटलेले; तो चेहरा लालासाहेबांना बघवत नसे.

पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं-बोलणं सावरलं, पण वाचता येईना. अक्षरं दिसायची, लागायची नाहीत.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा त्यांनी सांगलीला मुलीला फोन केला. "मयूरे, कडेगावच्या लग्नात आईचा झ्याक फोटू काढलाय मी. हिरव्या साडीतला. कॉम्प्युटरात हाय."

मयूरी रविवारी आली. फोल्डर उघडलं की फोटोंऐवजी नावांची यादी यायची. तिनं 'लार्ज आयकॉन' केलं, चित्रं दिसली. लालासाहेब खूश झाले; आईचा फोटू मी निवांत हुडकतो, म्हणाले. ती सांगलीला पोचते न पोचते तोच फोन.

"परत अक्षरं आली गं."

"आण्णा, दुसरं फोल्डर उघडलं असेल. त्यालाही तसंच करायचं."

"कसं करू? कुठं काय लिवलंय मला कळतंय व्हय?"

फोनवर समजावताना मयूरीचा आवाज चढायचा. सगळ्या फोल्डरांना एकच व्ह्यू लावायची सोय तिनं शोधली, शेजारच्या पोराला फोनवर सांगून लावून घेतली. दुसऱ्या दिवशी काही फोल्डरांत पुन्हा यादीच. एकदा ती ऑफिसातून ओरडली, "रोज उठून तेच काय आण्णा!" पलीकडून हळूच आवाज आला, "ऱ्हाऊ दे. कामात आसशील तू."

त्यानंतर त्यांनी फोन केला नाही. तेच तिला जास्त लागलं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. फोल्डर फोटोंसाठीच आहे, हे कॉम्प्युटरला मुद्दाम सांगावं लागतं, आणि आतल्या फोल्डरांनाही ते लागू करावं लागतं, हे तिला आता कळलं होतं. तिनं तसं केलं. एकेक फोल्डर उघडत गेली. सगळीकडे चित्रं.

कडेगावचं लग्न सापडलं. हळद, अक्षता, पंगती, नवरीची पाठवणी. लालासाहेब खुर्ची पुढं ओढून बघत राहिले. शेवटच्या फोटोपर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून बघू लागले.

"काढला हुता गं मी," ते म्हणाले. "मला याद हाय. हिरवी साडी."

हिरवी साडी एकाच फोटोत होती. मधोमध नवरी हसत होती. कडेला लाईटचा दांडा, तो धरलेला हात, हिरवा पदर आणि अर्धा चेहरा, थोडा हललेला.

"हितं हुबी हुती," लालासाहेब म्हणाले. "जरा हिकडं सरक म्हनलो आसतो तर..."

मयूरीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तेवढाच भाग कापून मोठा करू का?"

"नको. मोठा केला की फाटंल त्यो, नुसतं ठिपकं दिसतील. आख्खाच छापून काढ. नवरीसकट."

वर्षश्राद्धाला तोच फोटो भिंतीवर होता. जेवायला आलेली शेजारची तानुबाई बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली.

"आवं, ही मधली पोरगी कोन?"

"कोनाची तरी लेक," लालासाहेब म्हणाले, आणि हार जरा उजवीकडे सरकवला, लाईट धरलेल्या त्या हातावरून बाजूला.