लाखेचे तीन ठिपके

पुसदच्या बाजारात जुन्या शिलाई मशिनी विकत घ्यायच्या, नीट करायच्या आणि पुन्हा विकायच्या, हा पुंडलिकरावांचा तीस वर्षांचा धंदा. माणूस कामाचा पक्का. खोड एकच, सांगितलं तेवढंच करून थांबणं त्यांना जमत नसे. कोणी नुसती सुई बदलायला मशीन आणली, तरी जुना विलायती माल दिसला की यांचे हात शिवशिवायचे. मग ती मशीन आठ दिवस घासलेटात भिजायची आणि बिचारं गिऱ्हाईक रोज येऊन विचारायचं, "झाली का?"

खेमसिंगही असाच सापडला. जवळच्या बंजारा तांड्यावरचा हा मुलगा पुसदला ऑटो चालवतो. एका सकाळी मागच्या सीटवरून एक हातमशीन उतरवून त्यानं दुकानात ठेवली.

"काका, याडीची मशीन आहे. कुरकुर करून राह्यली. तेल टाकून द्या फक्त."

याडी म्हणजे आई, हे पुसदच्या बाजारात कोणाला सांगावं लागत नाही. त्याची आई रुपीबाई पण बाजाराला ठाऊक होती. परकर, उशांचे अभ्रे आणि कापूस वेचणीच्या झोळ्या ती शिवायची, आणि तिची शिलाई उसवली असं कोणी ऐकलं नव्हतं.

मशीन शंभरीची तरी असेल. सोनेरी वेल पुसून गेलेली, रंगाचे पोपडे निघालेले. सुईच्या उजव्या अंगाला, कापड सरकतं त्या लोखंडी पाटावर लाखेचे तीन ठिपके चिकटलेले, आणि चाकाच्या कडेला कोणीतरी कानशीनं पाडलेली खाच. पुंडलिकरावांना राग आला. असल्या वस्तूचे असे हाल करणाऱ्याला दोन शब्द सुनवावेत असं त्यांना वाटलं. पण खेमसिंग निघून गेला होता, म्हणून त्यांनी ते शब्द मशीनलाच ऐकवले आणि कामाला लागले. ठिपके पातीनं खरवडले. खाच पुट्टी भरून बुजवली. काळ्या रंगाचे तीन हात दिले, बारीक कुंचल्यानं सोनेरी वेल काढली आणि खाली सागाची नवी बैठक बसवली. जुनी बैठक माळ्यावर टाकली.

मशीन अशी झाली की नागपूरहून जुन्या वस्तू शोधत आलेला एक माणूस दुकानातच अडून बसला. मागाल ती किंमत देतो म्हणाला.

"माझी असती तर देली असती," पुंडलिकराव म्हणाले आणि दिवसभर खुशीत राहिले.

खेमसिंग मशीन घेऊन गेला. आठवडा गेला आणि त्याचा फोन आला. आवाज कडक होता.

"काका, याडी म्हणते ही तिची मशीन नाही. तुम्ही बदलून देली. तांड्यावर या. नायकासमोर बोलू."

पुंडलिकरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जुन्या मालाच्या धंद्यात माणसाचं नाव हेच त्याचं भांडवल. मशीन बदलतो अशी एकदा बोंब झाली, की आपली मशीन कोण त्याच्या हाती सोडेल? पण त्यांच्याकडे पक्का पुरावा होता. दुकानात आलेल्या प्रत्येक मशीनचा पाटावर कोरलेला नंबर ते आल्याबरोबर कागदावर टिपून ठेवत. तो कागद खिशात घालून ते तांड्यावर गेले.

रुपीबाईच्या दारात तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, आणि शेजारची पाचसहा माणसं बसली होती. मधोमध बाजेवर मशीन, उन्हात झळकत होती. सगळे त्या सोनेरी वेलीकडेच बघत होते. रुपीबाई मात्र बाजेला टेकून, मान थोडी बाजूला करून बसली होती.

"रुपीबाई, काय बदललं मी? सांगा सगळ्यांसमोर," पुंडलिकराव म्हणाले.

"माह्या मशीनले तीन ठिपके होते लाखेचे. चाकाले खाच होती," ती म्हणाली. "ही कोणाची आणून देली, भाऊ?"

पुंडलिकरावांनी खिशात हात घातला, तेवढ्यात खेमसिंग बोलला.

"हे पाहा काका, सात दिवस झाले, याडीनं एक शिलाई सरळ मारली नाही. वेचणी तोंडावर आली, झोळ्या तशाच पडून आहेत. मशीन दुसरी असंल तर तुमची चूक. पण तीच असंल, तर मग याडीचे डोळे गेले. मागं एकदा सुई बोटातून आरपार गेलती तिच्या. तवाच म्या सांगून ठेवलं, नजर गेली की मशीन घरातून जाईन. नंबर असंल तुमच्याकडं तर काढा. जुळला तर ही मशीन तुम्हीच घेऊन जा, विका."

पुंडलिकरावांच्या डोळ्यांसमोर नागपूरचा माणूस उभा राहिला. नाव साफ, वर मशीन पदरात. असं दान रोज पडत नाही.

तेवढ्यात सुनेनं चहा आणला. रुपीबाईची कपबशी तिच्यापुढे बाजेवर ठेवली. रुपीबाईचा हात बशीच्या पलीकडे गेला, बाजेचा काथ्या चाचपत मागे आला आणि मग बशीच्या काठाला लागला. हे पुंडलिकरावांशिवाय कोणी पाहिलं नाही. मग तोच हात मशीनवर गेला. सुईपासून एक बोट अंतरावर तिनं अंगठा दाबला, थोडा पुढे सरकवला, परत दाबला. जागा गुळगुळीत होती. ती पुन्हा सुईपाशी आली.

पुंडलिकरावांना आता उमगलं. ते डाग नव्हते. ती तिची मापं होती. परकराला एक बोट, अभ्र्याला दीड, झोळीला दोन. कापडाचा काठ त्या ठिपक्याला लावून ती शिवत होती, आणि चाकाची खाच बोटाला लागली की सुई वर आली हे तिला कळत होतं. घरात कोणाला पत्ता न लागू देता ही बाई किती वर्षं बोटांनी बघत होती कोण जाणे. आणि तीस वर्षांच्या कारागिरानं त्या खुणा पातीनं खरवडून काढल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"काढा ना कागद," नायक म्हणाला.

पुंडलिकरावांनी कागद काढला, उलगडला, बराच वेळ बघितला आणि घडी करून परत खिशात ठेवला.

"नाही जुळत," ते म्हणाले. "ही दुसऱ्याची आहे. यांची दुकानात राह्यली. चूक झाली माझी."

आपली चूक कबूल करणाऱ्याला कोणी पुरावा मागत नाही. कागद कोणी बघायला घेतला नाही. एक म्हातारा शेजाऱ्याच्या कानात काहीतरी म्हणाला आणि दोघे हसले. खेमसिंगनं मशीन उचलून त्यांच्या हातात दिली.

"शुक्रवारी घेऊन ये आईले," पुंडलिकराव म्हणाले. "पाहून घेऊ दे तिले. मालकिणीनंच ओळखलेली बरी."

मधल्या दिवसांत एकदा त्यांनी दुकानाचं अर्धं दार लावून घेतलं आणि पॉलिश कागदानं ती सोनेरी वेल घासून काढली. तीन हातांचा रंग जागोजागी खरवडून काढला. माळ्यावरची जुनी बैठक काढून पुन्हा बसवली. ज्या कामाचं अख्ख्या बाजारात कौतुक झालं, ते एका दुपारी गेलं. जीव तुटला, पण हात थांबला नाही.

शुक्रवारी रुपीबाई आली. खेमसिंगला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवलं.

आत आल्यावर पुंडलिकराव हळूच म्हणाले, "मशीन तीच आहे, रुपीबाई. तीच होती. ठिपके म्याच काढले, मले समजलं नाही. कुठं होते ते दाखवा आता."

रुपीबाईचा चेहरा आधी उतरला, मग तिनं दाराकडे कान दिला. खेमसिंग फोनवर कोणाशी तरी बोलत होता. तिनं सुईला बोट टेकवलं आणि तिथून मोजायला सुरुवात केली. पुंडलिकराव मेणबत्तीवर लाख वितळवून जागेवर थेंब सोडत गेले. एक ठिपका कणभर बाहेर पडला, तो तिनं काढायला लावला. चाकातली सगळी पुट्टी काढून त्यांनी खाच मोकळी केली. मग तिनं एक चिंधी घेतली, दांडी फिरवली आणि वीतभर शिलाई मारली. शिलाई सुतासारखी सरळ आली.

"तुम्ही कायले चोर झाले, भाऊ?" तिनं खालच्या आवाजात विचारलं.

"मापं तर म्याच चोरली ना तुमची," पुंडलिकराव म्हणाले.

तिनं चिंधीचा दोरा तोडला आणि बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली, "हो, हीच माही."

खेमसिंग आत आला. मशीनकडे, मग आईकडे बघून त्यानं मान डोलावली. मशीन खांद्यावर घेतली, आईला पुढे घातलं आणि पायरी उतरताना मागे वळला. बाजूच्या दोन दुकानांतले लोक कान देऊन होते.

"काका, वयानं मोठे तुम्ही, म्हणून पोलिसात गेलो नाही. पण पुन्हा कोणासंगं असं करू नका."

"नाही करणार," पुंडलिकराव म्हणाले.